सुटका झाली, पण गाव सोडता येईल का?

व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी जामीन दिला. जवळपास पाच वर्षांनी मिळालेल्या त्या सुटकेसोबत अटींची यादी होती. विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय महाराष्ट्राबाहेर जायचे नाही. पासपोर्ट जमा करायचा. एकच मोबाईल वापरायचा, त्याचे लोकेशन चोवीस तास चालू ठेवायचे आणि तो एनआयएच्या तपास अधिकाऱ्याच्या फोनशी जोडलेला ठेवायचा. सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये भायखळा तुरुंगातून बाहेर आल्या, त्या मुंबईच्या न्यायालयाची हद्द न सोडण्याच्या अटीवर. ज्या छत्तीसगडच्या कामगारांमध्ये त्यांचे आयुष्य गेले, तिथे जायलाही परवानगी लागणार होती. डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी २०२५ मध्ये परदेशी विद्यापीठांत शिकवण्यासाठी जाण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. एनआयएने विरोध केला, न्यायालयाचा कल नकाराकडे दिसला, आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

या बातम्या आपण वाचतो, संतापतो, शेअर करतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. ही सगळी माणसे पाऊल उचलण्याआधी कागद बघतात. कागदावर अट आहे म्हणून अर्ज करतात, युक्तिवाद करतात, हरले तर पुन्हा करतात. अट अन्यायकारक आहे असे वाटत असतानाही ते हेच करतात.

आणि आपल्या तालुक्यातला कार्यकर्ता? त्याच्या सहीचा कागद कुठे आहे, हे त्याला माहीत नसते. "बॉण्डवर सुटलो" एवढेच तो सांगतो. कसला बॉण्ड, किती वर्षांचा, त्यात गाव सोडण्याबद्दल काही लिहिले आहे का, हे विचारले की "वकिलाला माहीत" असे उत्तर येते. दोन वर्षांनी चाकणच्या कंपनीत शिफ्ट करत असताना घरून फोन येतो की पोलीस वॉरंट घेऊन आले होते.

हा प्रश्न आता निकडीचा का झाला आहे, ते आधी सांगतो. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर राज्यभर गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे विधान परिषदेत सांगितले. म्हणजे त्या दिवशी तीनशेवर गुन्हे उरलेच होते. मग १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, वस्त्यांमधून धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या मृत्यूचा न्याय हा स्वतंत्र लढा आहे आणि तो चालू आहे. पण आंदोलनातून उभे राहिलेले खटले वर्षानुवर्षे चालतात. त्यातला कोणी जामिनावर असेल, कोणी उद्या दोषी ठरून परिवीक्षेवर म्हणजे प्रोबेशनवर सुटेल, कोणाला तडीपारीची नोटीस येईल. हे तिन्ही कागद वेगळे आहेत आणि न विचारता हद्द ओलांडल्याचे परिणामही वेगळे आहेत. आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव, बॉण्ड.

परिवीक्षेपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत.

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका गावचा तरुण. २०१८ च्या बंदच्या वेळी १९ वर्षांचा. बेकायदेशीर जमाव, दंगल, सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे १४३, १४७ आणि ३५३. खटला उभा राहायला वर्षे गेली. साक्षीदार पोलीसच. अखेर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. वकिलाने अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागितला, न्यायालयाने दिला. मुलगा घरी आला, आईने साखर वाटली. खटला संपला, असे सगळ्यांना वाटले.

खटला संपलेला नाही. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे न्यायालय दोषी माणसाला लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर सोडते. बंधपत्रात तो सांगतो की ठरलेल्या मुदतीत, जी जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकते, न्यायालय बोलावेल तेव्हा मी शिक्षा घ्यायला हजर होईन, आणि तोवर शांततेने व चांगल्या वर्तनाने राहीन. शब्द नीट बघा, शिक्षा घ्यायला हजर होईन. शिक्षा माफ झालेली नाही. ती दिलेलीच नाही, राखून ठेवली आहे. सिनेमात दाखवतात तशी सहा महिन्यांची शिक्षा सुनावून ती थांबवून ठेवण्याचा हा प्रकार नाही. इथे आकडाच ठरलेला नसतो. त्यामुळे बंधपत्र मोडले तर किती शिक्षा होईल याचा अंदाज कोणालाच नसतो. त्या गुन्ह्याला कायद्यात जेवढी शिक्षा सांगितली आहे तेवढी जागा न्यायालयापुढे मोकळी असते.

वयाचाही फटका बसतो. २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचे असेल तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात, असे कलम ६ सांगते. पण हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरायचे की दोषी ठरवण्याच्या दिवशीचे? सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभीच उत्तर दिले आहे: दोषी ठरवण्याच्या दिवशीचे. बंदच्या दिवशी १९ चा असलेला मुलगा निकालाच्या दिवशी २६ चा असतो. खटला रेंगाळला तो व्यवस्थेमुळे, आणि वयाचे संरक्षण गेले ते मुलाचे.

आता गाव सोडण्याचा मुद्दा. प्रत्येक परिवीक्षेत राहण्याच्या जागेची अट असतेच असे नाही, हे आधी समजून घ्या. नुसते कलम ४(१) चे बंधपत्र असेल तर पुण्याला कामाला जाणे म्हणजे बंधपत्र मोडणे नव्हे. मात्र बंधपत्रावर सोडताना न्यायालयाला एक खात्री करून घ्यावी लागते. आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे न्यायालयाच्या हद्दीत, किंवा आरोपी ज्या ठिकाणी राहणार आहे तिथे, कायमचे घर किंवा नेहमीचा कामधंदा असला पाहिजे. म्हणजे पत्ता हा या सुटकेचा पायाच आहे. त्यापुढे जाऊन न्यायालय देखरेखीचा आदेश काढू शकते. त्यात परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किमान एक वर्ष राहावे लागते, आणि तेव्हाच्या बंधपत्रात राहण्याचे ठिकाण, दारू-नशा यांपासून दूर राहणे अशा अटी घालता येतात. हा आदेश काढला तर अटी आरोपीला समजावून सांगणे आणि आदेशाची प्रत त्याला, जामीनदाराला व परिवीक्षा अधिकाऱ्याला देणे हे न्यायालयावर बंधनकारक आहे. पन्नास प्रकरणे बोर्डावर असलेल्या दिवशी ते समजावून सांगणे कसे होते, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना सांगायला नको. "समजलं ना? सही कर." झाले.

अशी अट असेल आणि मुलगा न विचारता निघून गेला, तर कलम ९ लागू होते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने न्यायालयाला वाटले की अट मोडली आहे, तर न्यायालय अटकेचे वॉरंट काढू शकते. किंवा योग्य वाटल्यास नुसते समन्स, आरोपीला आणि जामीनदारालाही. हजर झाल्यावर न्यायालय त्याला कोठडीत ठेवू शकते किंवा जामिनावर सोडू शकते. मग सुनावणी होते. सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली, तर न्यायालयापुढे दोन वाटा असतात. मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथेच सुनावणे ही एक. चूक पहिल्यांदाच झाली असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करणे ही दुसरी.

पन्नास रुपये. १९५८ सालचा आकडा अजून तसाच आहे. आज तेवढ्यात जालना-छत्रपती संभाजीनगर एसटीचे तिकीटही येणार नाही. पण या हास्यास्पद वाटणाऱ्या आकड्यात कायद्याचा हेतू दिसतो: पहिल्या चुकीला माणूस तुरुंगात जाऊ नये. हा दंड मुदतीत भरला नाही तर मात्र मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. आणि पहिली वाट घ्यायची की दुसरी, हे न्यायालयाच्या मर्जीवर आहे. पोट भरायला गेला होता, पत्ता कळवला होता, बोलावल्यावर स्वतःहून आला, हे सांगणारा वकील समोर उभा आहे की नाही, यावर इथे बरेच काही ठरते.

तुरुंगाहून मोठे नुकसान कलम १२ मध्ये दडलेले आहे, आणि तेच आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. परिवीक्षेवर सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे हे कलम म्हणते. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे यांची तयारी करणाऱ्या मुलासाठी हे कलम म्हणजे आधार आहे. मात्र त्यालाच एक परंतुक आहे. बंधपत्र मोडल्यामुळे ज्याला पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा होते, त्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे न विचारता गाव सोडण्याची किंमत केवळ काही महिन्यांचा तुरुंग नाही, डोक्यावरची ती ढालही जाते. तशी ही ढाल अभेद्य आहे असेही समजू नका. परिवीक्षेमुळे दोषसिद्धी पुसली जात नाही, त्या वर्तनाचा विचार करून खाते नोकरीबाबत निर्णय घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या बक्षी राम प्रकरणात म्हटले आहे. म्हणूनच "गुन्हा कबूल करून टाक, बॉण्डवर सुटशील, कटकट मिटेल" हा कोर्टाच्या आवारात फुकट मिळणारा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कटकट मिटते ती सल्ला देणाऱ्याची.

मग जायचे असेल तर काय? कलम ८ प्रमाणे बंधपत्राच्या अटी बदलता येतात, मुदत कमी-जास्त करता येते, बंधपत्रातून मुक्तही करता येते. पण त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करायचा तो परिवीक्षा अधिकाऱ्याने. म्हणजे मुलाला आधी त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला हवे. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत, जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. बालगृहे, बालकल्याण समितीची कामे, अहवाल हे सगळे त्यांच्याकडे. ज्या मुलाला पोलीस ठाणे पाठ आहे, त्याला हे कार्यालय कुठे आहे याचा पत्ता नसतो. आणि दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी दारात येऊन उभी राहते. उचल आधीच घेतलेली असते. बीड-जालन्याचे कुटुंब ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे निघते ते मार्च-एप्रिलपर्यंत. न्यायालयाची तारीख, अधिकाऱ्याचा दौरा आणि कारखान्याचा गळीत हंगाम यांचा मेळ बसत नाही. घरी येऊन गेलेला हवालदार अहवालात लिहितो, "सदर इसम राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही." एवढ्या एका ओळीवर वॉरंट निघू शकते.

माझ्या मते अट मोडणाऱ्यांपैकी पळून जाणारे थोडे, कामाला जाणारे पुष्कळ. ज्याच्या गावात काम आहे, शेती आहे, त्याला गावात राहण्याची अट जड जात नाही. भूमिहीनाला ती पोटावर येते. कायदा दोघांना एकच अट घालतो आणि तिला समानता म्हणतो.

जामिनाचे गणित वेगळे. इथे माणूस दोषी ठरलेला नसतो. जिल्हा सोडू नये, ठाण्यात हजेरी लावावी, अमुक गावात जाऊ नये, अशा अटी असतात. अट मोडली म्हणून नवा गुन्हा लगेच दाखल होतो असे नाही. सरकार पक्ष जामीन रद्द करण्याचा अर्ज करतो, न्यायालय आरोपीचे म्हणणे ऐकते. दिलेला जामीन काढून घ्यायला ठोस आणि सबळ कारणे लागतात, असे दौलतराम विरुद्ध हरियाणा राज्य या निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. तारखेला गैरहजर राहिलात तर मात्र चित्र बदलते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ प्रमाणे जामिनावरच्या आरोपीने पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. त्यापुढे फरारीची उद्घोषणा झाली आणि तरीही हजर झाला नाही, तर कलम २०९ चा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. एका चुकलेल्या तारखेपासून इथपर्यंत पोहोचायला फार काळ लागत नाही.

यात होरपळतो तो जामीनदार. तो कोण असतो? चुलता, मामा, वस्तीतला एखादा पेन्शनर, ज्याच्या नावावर दीड एकराचा सातबारा आहे. आरोपी गैरहजर राहिला की बंधपत्र जप्त होते, जामीनदाराला नोटीस येते, रक्कम भरा किंवा का भरू नये ते सांगा. रक्कम वसूल झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ प्रमाणे जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तेवढाच दिलासा. पुढच्या वेळी त्या वस्तीतला कोणी कोणासाठी जामीन राहायला तयार होत नाही, आणि चळवळीचे हे नुकसान कुठल्याच हिशेबात धरले जात नाही.

अटी कितीही कडक घालता येतात असेही नाही. आरोपीने गुगल मॅपवर आपली पिन टाकून ठेवावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते दिसेल, अशी अट एका प्रकरणात घातली गेली होती. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्या आदल्याच वर्षी गोन्साल्विस आणि फरेरा यांचे फोन चोवीस तास जोडून ठेवण्याची अट त्याच न्यायालयाने घातली होती, हेही विसरू नका.

तिसरा कागद तडीपारीचा. हा सगळ्यात वाईट, कारण इथे न्यायालय नसते आणि दोष सिद्ध होण्याची गरजही नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ प्रमाणे प्रांताधिकारी किंवा पोलीस उपायुक्त दर्जाचा अधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतो. इथे गुन्हा उलटा आहे, बाहेर जाणे नव्हे तर परवानगीशिवाय परत येणे. आई आजारी आहे म्हणून रात्री घरी आलेला मुलगा वस्तीत सापडला तर कलम १४२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, आणि लेखी कारण नोंदवल्याशिवाय सहा महिन्यांहून कमी नाही. परिवीक्षेत पहिल्या चुकीला पन्नास रुपये आणि तडीपारीत सहा महिने. ज्याला न्यायालयाने दोषी ठरवले त्याला सवलत, आणि ज्याला कोणीच दोषी ठरवलेले नाही त्याला तुरुंग.

यातही दारे आहेत. तात्पुरते परत येण्याची परवानगी मागता येते. आजारपण, मृत्यू, परीक्षा, कोर्टाची तारीख यासाठी ती मागावीच. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते, पुढे उच्च न्यायालय आहे. अमरावतीत माहिती अधिकाराचा वापर करून तक्रारी करणाऱ्या एका माणसावर काढलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. जालन्याच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये न्यायालय म्हणाले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, आणि कमाल मुदत लावायची तर त्याची कारणे दिसली पाहिजेत. दोन्ही निकाल आपल्याच मातीतले आहेत. नोटीस आल्यावर पहिल्या दिवशी ते वकिलाच्या हातात द्या.

६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ एप्रिल जवळ आले की कार्यकर्त्यांना नोटिसा येतात, जुन्या कलम १४९ च्या, आताच्या १६८ च्या. कोणावर चॅप्टर केस होते. या नोटिशीमुळे अनेक जण चैत्यभूमीला जायचे रद्द करतात. नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे, आणि चॅप्टरच्या बंधपत्रात मुळात शांतता राखण्याची हमी असते, गावात बसून राहण्याची नसते. घाबरून घरी बसण्याआधी कागदावर नेमके काय लिहिले आहे ते वाचा.

परवानगीशिवाय हद्द ओलांडणे हा गुन्हा, ही कल्पना या देशात एका मोठ्या समाजसमूहाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. १८७१ च्या आणि पुढे १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींतल्या माणसांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जायचे तर पास लागे. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आजही तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. त्यांनी काही केलेले नव्हते, जन्म घेतला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सराईत गुन्हेगार हा शिक्का राज्यांच्या कायद्यांतून राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगातली जातवार कामवाटणी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींच्या या शिक्क्याबद्दलही बोलावे लागले. त्यामुळे आपल्या मुलाला गाव न सोडण्याची अट घातली जाते, तेव्हा शेजारच्या पालावरचा माणूस अजूनही अटीशिवायच हजेरी लावतो आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या सगळ्याची दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्या हातात आहे. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील माणसाला परिवीक्षेचा लाभ मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १९ तसे स्पष्ट सांगते. आरोपी जामिनावर असेल आणि गावात न येण्याची अट असताना रोज पारावर येऊन बसत असेल, तर तो अट मोडतो आहे. किती ठिकाणी आपण याची तक्रार लेखी देतो? कलम १५अ प्रमाणे जामीन, सुटका, पॅरोल, शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला नोटीस मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि तो पाळणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सांगितले. कलम १० खाली असा गुन्हा करण्याची शक्यता असलेल्या माणसाला विशेष न्यायालय तीन वर्षांपर्यंत त्या भागातून बाहेर काढू शकते, आणि आदेश मोडला तर कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आहे. तडीपारी म्हटले की आपल्याला आपलाच मुलगा आठवतो. हे कलम मात्र आपल्या संरक्षणासाठी आहे आणि ते धूळ खात पडले आहे.

शेवटी कामाचे बोलतो. ज्याच्यावर खटला झाला आहे त्याने आदेशाची प्रमाणित प्रत आणि बंधपत्राची प्रत काढून घ्यावी, फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, एक प्रत जामीनदाराकडे असावी. बाहेरगावी कामाला जायचे असेल आणि राहण्याची अट असेल तर निघण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याला अर्ज द्यावा. जामिनाची अट असेल तर वकिलामार्फत न्यायालयाला. नवा पत्ता, कंपनीचे किंवा मुकादमाचे नाव, परतण्याची तारीख लिहावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मात्र पोच म्हणजे परवानगी नव्हे. आदेश हाती येईपर्यंत थांबावे. वॉरंट निघाल्याचे कळले तर लपण्याऐवजी वकिलासोबत स्वतः हजर व्हावे. स्वतःहून आलेला आणि धरून आणलेला यांत न्यायालय फरक करते.

वकिलाला पैसे नाहीत, हे उत्तर चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे, त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र असलेल्या बौद्ध तरुणाला हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते, हेल्पलाइन १५१०० आहे. तिथल्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला, तर कलम १२ दाखवा आणि अर्ज तिथेच जमा करून घ्यायला सांगा.